साखर सोडली, गूळ धरला

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय 56) नुकताच मधुमेह असल्याचे निदान झाले. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा चहा लागतो. साखर बंद करून मी आता गुळाचा चहा करते. मुलाने सुक्रालोजच्या (साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोडीच्या) गोळ्या आणल्या आहेत. पण नणंद म्हणतात, की या गोळ्यांनी कर्करोग होतो. काय वापरावे? सणावाराला पुरणपोळी, श्रीखंड शुगर-फ्री घालून करता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गुळाचा चहा आधी थांबवावा. गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोज, म्हणजे साखरच असते आणि ती रक्तातील साखर जवळजवळ तितक्याच वेगाने वाढवते. त्यातील लोहाचे कौतुक होते खरे, परंतु चमचा-दोन चमच्यांतून मिळणारे लोह नगण्य असते. मध आणि खडीसाखर यांनाही हेच लागू आहे.

नणंदबाईंच्या कानावर आलेली बातमी बहुधा अ‍ॅस्पार्टेम या दुसऱ्या कृत्रिम गोडीच्या पदार्थाची असावी. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मर्यादित पुराव्याच्या आधारे त्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकले. मात्र त्याच वेळी अन्नघटकांच्या तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. 60 किलो वजनाच्या माणसासाठी ती 2400 मिलिग्रॅम होते आणि एका गोळीत अ‍ॅस्पार्टेम सहसा 20 मिलिग्रॅमच्या आसपास असते. शिवाय मुलाने आणलेली गोळी सुक्रालोजची, म्हणजे निराळ्या पदार्थाची आहे. चहासाठी ती सोयीचीही आहे, कारण उकळल्याने तिची गोडी जात नाही; अ‍ॅस्पार्टेमची मात्र कमी होते, त्यामुळे ती गोळी चहा गाळल्यावरच कपात टाकावी लागते. स्टीव्हिया ही वनस्पतीपासून मिळणारी गोडीही चालेल, पण तिची मागे रेंगाळणारी कडसर चव अनेकांना आवडत नाही. पुडीतली भुकटी घेणार असाल तर वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. त्यात अनेकदा भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेले असते आणि तेही रक्तातील साखर वाढवते.

तरीही गोळी ही तात्पुरती सोय समजावी, असे माझे मत आहे. केवळ वजन घटवण्यासाठी असे पर्याय वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हे खरे, पण जिभेची गोडाची सवय गोळीने मोडत नाही. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे सुमारे 50 ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. म्हणून दोन कप कमी करावेत, उरलेल्यांत गोळी अर्धी करावी आणि आले किंवा गवती चहा वाढवावा. काही आठवड्यांत पूर्वीचा चहा पाकासारखा वाटू लागतो. चहाबरोबरची बिस्किटे आणि टोस्टही याच हिशेबात धरावेत.

पुरणात गोळीचा उपयोग नाही. गूळ तिथे गोडीबरोबर वजन आणि चिकटपणाही देतो. तो काढला तर उरते ती शिजलेली डाळ. त्यापेक्षा वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालत असाल तर तो अर्ध्या-पाऊण वाटीवर आणावा, जायफळ-वेलची सढळ हाताने घालावी आणि यजमानांना एकच लहान पोळी वाढून त्या जेवणातला भात वगळावा. श्रीखंड मात्र सुक्रालोजवर जमते. साखर चक्क्यातले पाणी सोडवून त्याला सैल करते. ते काम भुकटीकडून होत नाही, तेव्हा चमचाभर दूध घालून फेटावे. बाजारातील ‘शुगर-फ्री’ मिठाईतला खवा आणि तूप काही फ्री नसते, हेही लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. डॉक्टरांनी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी दिली असेल तर कधी साखर एकदम उतरून घाम, थरथर किंवा गरगरणे सुरू होऊ शकते. अशा वेळी शुगर-फ्रीचा काडीचाही उपयोग नसतो. शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासावे आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावे.