तीन फुटी समुद्री टाकीत कोरल ठेवायचे आहेत, लाइट कुठला घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचं घर राजारामपुरीत आहे, ३६ × १८ × १८ इंचांची टाकी मिठाच्या पाण्यावर नीट चालू आहे, त्यात क्लाउनफिश आहेत, आणि कोरल आणायचे म्हटल्यावर दुकानदार १६५ वॅटचा ‘फुल स्पेक्ट्रम’ एलईडी घ्या म्हणतोय. एवढे वॅट पुरतील का, हा तुमचा प्रश्न. मीही कोल्हापुरातच बऱ्याच वर्षांपासून अशी टाकी सांभाळतोय, त्यामुळे इथली हवा आणि इथली वीज धरूनच सांगतो.

आधी वॅटचा आकडा बाजूला ठेवा. लाइट वीज किती खातो एवढंच त्यावरून कळतं. कोरलच्या अंगावर उजेड किती पडतो हे कळायला पीएआर बघावा लागतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, त्याचं हे माप, मायक्रोमोलमध्ये मोजलेलं. भर दुपारी उघड्या समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या आसपास जातो. तुम्हाला टाकीत त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा उजेड लागणार नाही. का, ते पुढे येईलच.

लाइट ठरतो तो कोरलवरून, आणि आपल्या देशात कोरल कुठले ठेवायचे हे बरंचसं कायद्यानंच ठरवून टाकलंय. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी, म्हणजे टणक सांगाडा असलेले, कोरल आहेत. त्यांच्याबरोबर काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी-फॅनही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. परदेशी व्हिडिओंत जे अॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन कोरल दिसतात ते सगळे दगडी कोरल. दुकानात कुणी ‘हे बाहेरून आलेलं आहे, चालतंय’ म्हणालं तरी घेऊ नका. सांगाडेही घेऊ नका, सजावटीला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा खडक मिळतो. आपल्यापासून काही तासांवर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे जिवंत प्रवाळ आहे. ज्याला कोरलची खरी ओढ आहे त्यानं हा कायदा मनापासून पाळावा असं मला वाटतं.

मग उरतात मशरूम कोरल, झोअँथिड (छोट्या फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे) आणि टोडस्टूल, किन्या ट्री यांसारखे मऊ अंगाचे लेदर कोरल. या मंडळींवर एक टाकी सुंदर भरते, आणि त्यांची उजेडाची भूक बेताची असते. मशरूमना ३० ते ८० पीएआर पुरतो, झोअँथिडना ५० ते १५०, लेदरना ७५ ते १५० च्या दरम्यान. दोनशे-तीनशेच्या पुढचे आकडे लागतात ते अॅक्रोपोरासारख्यांना, आणि ते तुम्ही ठेवणार नाही. (झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा मात्र विसरू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.)

रंगाबद्दल थोडं. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर त्याचं बरंचसं पोट चालतं. हे शैवाल मुख्यतः निळा उजेड शोषतं, कारण पाण्यात खोलवर पोहोचतो तो निळाच, तांबडा वरच्या वर विरतो. म्हणून लाइटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू दिवे भरपूर हवेत, जोडीला ४०० ते ४२० चे थोडे जांभळे आणि डोळ्यांना बरं वाटण्यापुरता पांढरा. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. ही सोय नसेल तर तो लाइट सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी. ‘फुल स्पेक्ट्रम’ हे खोक्यावर कुणीही छापतं. त्यात कुठले दिवे किती आहेत ते विचारा. निळ्यात कोरल जे चमकतात ती त्यांच्या फ्लुरोसंट प्रथिनांची करामत. यातलं एक तांबडं प्रथिन डिस्कोसोमा या मशरूम कोरलमधून वेगळं केलं गेलं, त्यावरचा शोधनिबंध १९९९ साली आला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवून बघायला ते वापरतात. तोच डिस्कोसोमा तुम्ही टाकीच्या तळाला ठेवणार आहात, ही गोष्ट मला फार आवडते.

तुमच्या मापाच्या टाकीला मी एक दणकट लाइट घेण्यापेक्षा ४० ते ५० वॅटचे दोन छोटे घेईन. एकच लाइट मधोमध टांगला की खालचा भाग भाजतो आणि दोन्ही कोपरे अंधारात राहतात. तीन फुटांत हा फरक मोठा पडतो. दोन्ही लाइट दीड-दीड फुटाच्या मधोमध, पाण्यापासून आठ-दहा इंच वर. टांगायला शिवाजी उद्यमनगरात कुणाही फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियम सेक्शनची चौकट करून घ्या, लोखंड मिठाच्या वाफेनं काही महिन्यांत गंजतं. वीजबिल म्हणाल तर दोन्ही मिळून १०० वॅट, रोज नऊ तास पूर्ण ताकदीनं लावले तरी महिन्याला २७ युनिट होतात, आणि पूर्ण ताकदीची गरज पडणारच नाही. टी-५ नळ्यांचा (बारीक ट्यूबलाइटचा) उजेड फार समान पसरतो, मला अजूनही आवडतो. पण तीन फुटी नळी ३९ वॅटची, तशा चार लागतात, आणि साधारण वर्षानं बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइडच्या जुन्या धाटणीच्या गरम दिव्यांचा तर आपल्या उन्हाळ्यात विचारही नको, टाकी तापते.

चालू कसं करायचं, तर कमीपासून. निळा ४० टक्के, पांढरा १० ते १५ टक्के, आठ तास. कोरल आले की पहिले काही दिवस तळाला ठेवा, आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, आणि कोरल खुश दिसले की तिथेच थांबा. उजेड कमी पडला तर कोरल आठवडेच्या आठवडे सांगत राहतो. जास्त झाला तर दोन-तीन दिवसांत पांढरा पडतो.

ते सांगणं वाचायला शिका, मीटरच्या आधी. झोअँथिडला उजेड कमी पडला की त्याची देठं लांब होतात आणि सगळी तोंडं वर ताणलेली दिसतात. पुरेसा असला की ती आखूड, घट्ट, दगडाला बिलगून राहतात. मशरूमला जास्त झाला की तो कडा आत वळवून वाटीसारखा होतो, कमी असला की पसरट, सैल पडतो. कोरल तपकिरी होत चालला तर त्यातलं शैवाल वाढलंय, म्हणजे उजेड कमी आहे किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त आहे. लाइट वाढवण्याआधी पाणी तपासा. आणि टोडस्टूल अधूनमधून चार-आठ दिवस मिटून बसतो, अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि मग तो गळतो. त्या काळात लाइटला हात लावू नका. तो कात टाकतोय.

मोबाइलच्या लक्स अॅपवर विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, निळा उजेड त्यात फार कमी भरतो. पाण्यात बुडवता येणारा पीएआर मीटर महाग असतो, पण वर्षातून एक-दोनदाच लागतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून घेतला तर परवडतो.

आता कोल्हापूरची गोष्ट, जी कुठल्याही परदेशी लेखात सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सहज २९-३० अंशांवर जातं. कोरल पांढरा पडतो तो नुसत्या उजेडानं किंवा नुसत्या उष्णतेनं कमी, दोन्ही एकत्र आले की जास्त. म्हणून पाडव्यानंतर पाणी २८ च्या वर जायला लागलं की मी लाइट पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवतो, दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावतो आणि पाण्यावर छोटा पंखा सोडतो. कोरड्या हवेत पंख्यानं दोन-तीन अंश उतरतात. जेवढं पाणी उडेल तेवढं आरओचं गोडं पाणी रोज घालायचं, मीठ घातलेलं नाही. पहिला वळीव पडून हवा गार झाली की लाइट परत हळूहळू वर.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर लाइट घेऊ नका, तिथे वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) किंवा एअरपंप जोडा. कोरल एक-दोन दिवस अंधारात आरामात राहतात, पण पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन उतरतो आणि आधी मासे जातात. लाइटची वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये शिरत नाही. आरसीसीबी (वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर लाइट घ्यायच्या आधी तो बसवून घ्या. आणि दर आठवड्याला लाइट बंद करून, गार झाल्यावर, लाइटच्या खालच्या काचेवरचा मिठाचा थर ओल्या फडक्यानं पुसा. तो साचत गेला की उजेड कधी कमी झाला ते लक्षातही येत नाही.

टाकीवर काचेचं झाकण आहे का, आणि खिडकीतून थेट ऊन कुठल्या वेळी येतं, हे कळवलंत तर उंची आणि टक्केवारी आणखी नेमकी सांगता येईल.