‘हे’ पुढे, मी मागे

प्रश्न : माझं वय 58, ह्यांचं 63. दर पावसाळ्यात आम्ही दोघं एखादा गड करतो. म्हणजे हे करतात, मी मागून धापा टाकत पोचते. वर गेलं की फोटो, डबा, की लगेच उतरायचं. यंदा मला रानफुलं बघायची आहेत. कासला जावं, की नाशिकजवळ काही आहे? एका दिवसात परत यायचंय, आणि माझा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा माझी बायको हसत सुटली. तुमचे ‘हे’ म्हणजे हुबेहूब मी. बँकेत 34 वर्षं आकडे जुळवल्यामुळे असेल, पण डोंगरावरही मला किती वाजता निघालो आणि किती वाजता पोचलो एवढंच कळायचं. फुलं मला बायकोने दाखवली, तीही साठीनंतर. तेव्हा मी सांगतोय ते उसनं ज्ञान समजा.

कास साताऱ्याचं. इथून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे फुलं कमी आणि हायवे जास्त. तुम्ही अंजनेरीला जा. त्र्यंबक रस्त्याने 20 किलोमीटर. गावातून कच्चा-पक्का रस्ता बराच वर जातो; गाडी जाईल तितकी वर न्या, त्यात कमीपणा नाही. पुढे पायऱ्या, मग कातळातली खिंड, आणि ती ओलांडली की पठार. गडाची उंची साधारण 4200 फूट आहे, पण तुम्हाला ती सगळी चढायची नाहीये. पहिल्या पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि तळं आहे. तिथेच थांबा. वरचा टप्पा चढायचा हट्ट ह्यांनी धरला, तर त्यांना एकट्याला जाऊ द्या. तळ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा.

श्रावणी सोमवारी त्या रस्त्याला लागू नका. तिसऱ्या सोमवारी तर मुळीच नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीला सगळा जिल्हा लोटलेला असतो. गणपती उठले की एखादा मधला वार धरा. तोवर तेरड्याचा गुलाबी ओसरत येतो आणि सोनकीचा पिवळा चढतो.

हे दोन रंग चालता चालताही दिसतात. बाकीचं बसल्याशिवाय दिसत नाही, आणि मला वर्षानुवर्षं तेच कळलं नव्हतं. कातळावर चार बोटं माती आणि तिच्यात मुरलेलं पाणी, एवढ्यावर तिथला संसार चालतो. त्या मातीत कस नसतो, म्हणून काही झाडं चक्क मांसाहारी. सीतेची आसवं घ्या. निळी-जांभळी, नखाएवढी फुलं, पण खाली चिखलात त्यांच्या बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले जीव ओढून घेतात. (पंचवटीतून सीतेला नेलं, त्यामुळे ह्या नावावर आम्हा नाशिककरांचा हक्क जरा जास्तच!) शेजारी गेंदाची मण्यांसारखी पांढरी फुलं आणि कवल्याची पिवळी फुलं. कवला म्हणजे पावसाळ्यात आपण जी रानभाजी घेतो, तोच. त्याच्या पाकळीवरचे दोन लाल ठिपके मी आधी कधी पाहिले नव्हते; भाजी मात्र दरवर्षी खात होतो.

नशीब असेल तर कंदीलपुष्प दिसेल. सेरोपेजिया हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि एका जातीला तर ह्याच डोंगराचं नाव मिळालंय : सेरोपेजिया अंजनेरिका. फूल खरंच कंदिलासारखं. बारीक माशी आत घसरते, आतले केस तिला परत येऊ देत नाहीत. केस सुकले की ती पराग घेऊन सुटते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा बायको त्याच्यासमोर अर्धा तास बसली होती, आणि मी 3 वेळा घड्याळ पाहिलं. आम्ही ते कुठे पाहिलं हे कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही नाही. लोक कंद उकरतात. 2017 पासून अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पण पाटी लावली म्हणून हात थांबतात असं नाही.

बसायचं ते उघड्या कातळावर, हिरवळीवर सतरंजी पसरून नाही. एक भिंग न्या, स्टेशनरीच्या दुकानातलं चालेल, आणि ते ह्यांच्या हातात द्या. हातात काम असलं की आमच्यासारखी माणसं जरा थांबतात.

गुडघ्याचं : आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. काठी उतरण्यासाठी न्या, चढताना तिची फार गरज पडत नाही. शेवाळलेल्या पायऱ्या आडव्या पावलाने उतरा. मी सरळ उतरायला गेलो आणि 6 पायऱ्या बसून उतरलो. दुपारी दोनच्या आत परतीला लागा. नंतर धुकं आलं की खिंडीची वाट सापडत नाही.

आणि डबा हातातल्या पिशवीत नेऊ नका, पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. गेल्या वर्षी आमची थालीपिठं पायऱ्यांवरच्या माकडांनी खाल्ली, लोणच्यासकट.