वसाहतवाद संपल्यानंतर आफ्रिकी देशांतील सत्ता खरोखर बदलली, की केवळ साहेब बदलले?

आफ्रिका खंडात पन्नासहून अधिक देश आहेत, त्यामुळे सर्वांना एकच उत्तर लागू पडणार नाही. ज्या देशाचा मी अभ्यास करतो, त्या घानापुरते लिहितो. सत्ता बदलली की नाही हे ठरवताना राज्यकर्त्याला नेमतो कोण, यापेक्षा त्याला पायउतार कोण करू शकतो, हे मी आधी पाहतो.

घानातील असांते आणि इतर अकान समाजांत (अकान हा तिथला मोठा भाषिक समूह, असांते त्यातलेच) राजमाता गादीसाठी नाव सुचवते आणि ज्येष्ठ मंडळी त्यावर निर्णय घेतात. राजाने मर्यादा सोडली तर त्याला गादीवरून उतरवण्याचीही रीत आहे. त्याच्या पायांतल्या वहाणा काढून घेतल्या जातात, कारण राजाचे अनवाणी पाऊल जमिनीला लागता कामा नये असा दंडक आहे. ते पाऊल मातीला टेकले की त्याचे राजेपण संपते. ब्रिटिशांनी 1896 मध्ये असांतेहेने, म्हणजे असांतेंचे राजे, पहिले प्रेम्पे यांना पकडले, पुढे सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवले आणि 1924 मध्ये परत येऊ दिले. या हद्दपारीपेक्षाही खोल आघात मला दुसराच वाटतो. अशा राजांसह स्थानिक पारंपरिक प्रमुखांकरवी राज्य चालवण्याच्या ब्रिटिश धोरणामुळे प्रमुखाची मान्यता सरकारकडून येऊ लागली आणि तो रयतेपेक्षा जिल्ह्याच्या इंग्रज अधिकाऱ्याची मर्जी राखू लागला.

1957 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण सरकारी मान्यतेचे हे साधन टाकून दिले गेले नाही. असांते प्रदेशातील अनेक प्रमुख संघराज्याची मागणी करणाऱ्या विरोधकांच्या बाजूने होते, आणि स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने 1961 च्या कायद्याने प्रमुखपदासाठी सरकारी मान्यता आवश्यक ठरवली. 1964 मध्ये देश एकपक्षीय झाला, मतपेटीची वाट बंद झाली, आणि 24 फेब्रुवारी 1966 रोजी लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली.

आजच्या, 1992 च्या राज्यघटनेतील कलम 270 मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. प्रमुखाला मान्यता देण्याचा किंवा ती काढून घेण्याचा अधिकार संसदेलाही कोणाकडे सोपवता येत नाही. मात्र प्रमुखांना सक्रिय पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही. हे प्रमुख केवळ शोभेचेही नाहीत. गादीच्या जमिनींच्या उत्पन्नातून 10 टक्के प्रशासकीय कार्यालयासाठी वजा केल्यावर उरलेल्यापैकी 25 टक्के गादीला, 20 टक्के पारंपरिक सत्तेला आणि 55 टक्के जिल्हा सभेला मिळतात.

जिल्ह्याच्या कारभारात मात्र जुनी चौकट अजून दिसते. 2000, 2008, 2016 आणि 2024 च्या निवडणुकांत घानाच्या मतदारांनी सत्ताधारी पक्षाला घरी बसवले, परंतु जिल्ह्याचा मुख्याधिकारी राष्ट्राध्यक्षच निवडतात आणि जिल्हा सभा त्या नावाला दोन तृतीयांश मतांनी संमती देते. 2019 मध्ये हे पद निवडणुकीने भरण्याचा प्रस्ताव आला होता. स्थानिक निवडणुका पक्षांनी लढवाव्यात का, यावर होऊ घातलेल्या सार्वमताबरोबर सरकारने तोही मागे घेतला.