घोंगडीतला बर्फ

प्रश्न : गेल्या जूनमध्ये पिंपरीचं भाड्याचं घर सोडून आम्ही सासऱ्यांच्या मळ्यात राहायला आलो. मुलगा साडेआठ वर्षांचा, मुलगी सहाची. शाळेत विज्ञान म्हणजे फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून घेणं. घरी शिकवावं म्हणून प्रयोगांचं एक किट पाहिलंय, साडेतीन हजारांचं. घेऊ का? शिवाय दिवाळी झाल्यापासून सासूबाई मुलांना सकाळी नऊच्या आत उंबरा ओलांडू देत नाहीत. थंडी बाधेल म्हणतात.
– एक आई, सिन्नर तालुका

उत्तर : किट नको. त्या पैशांत सात-आठ गावठी कोंबड्या येतील, आणि त्या जास्त शिकवतील.

मी परभणीला गृहविज्ञान शिकले. लग्न ठरवायला आलेल्या निफाडच्या एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "म्हणजे भाकरी थापायचं कॉलेज का?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, फार चुकीचं बोलले नाहीत ते.

तुम्ही भिंतीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर आणा. एक अंगणात खुंटीला, घोट्याच्या उंचीवर बांधा. दुसरा गच्चीवर बांबूला, डोक्याच्या वर. सकाळी सातला मुलांनी दोन्ही वाचून वहीत लिहायचे, तुम्ही काही सांगायचं नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर खालचा पारा कमी दिसतो. माझ्या धाकट्याला वाटलं, खालचा थर्मामीटरच बिघडलाय. त्यानं दोघांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खालचाच कमी! मग आला विचारायला. तोपर्यंत मी गप्प बसले होते, आणि ते सोपं नव्हतं.

रात्रभर जमीन आपली ऊब उघड्या आभाळाकडे टाकत राहते. तिला चिकटलेली हवा आधी गार होते, गार हवा जड, म्हणून ती तळाशीच बसते. चुलीचा धूर पहाटे लिंबाच्या उंचीपर्यंत चढतो आणि तिथं आडवा पसरतो, तो याचमुळे. आमच्या निफाडात खोलगट जागेतल्या द्राक्षबागेला थंडीचा फटका आधी बसतो. पारा फारच उतरला की आम्ही पहाटे ड्रिप चालू करतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, आणि बागेत जागोजाग शेकोट्या करून धूर करतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीत पेपरात येतो. तो आणि आपला आकडा शेजारी-शेजारी लिहायला लावा. ढगाळ रात्री वरच्या-खालच्या पाऱ्यातला फरक कुठं जातो, हे मात्र त्यांनाच शोधू द्या.

आता सासूबाई. त्यांना पंच करा. बर्फाचे दोन सारखे खडे दोन वाट्यांत ठेवा, एक वाटी उघडी, दुसरी घोंगडीत गुंडाळलेली. आधी कुठला वितळेल? मुलं म्हणणार, घोंगडीतला. माझ्या सासूबाईही तेच म्हणाल्या होत्या. अर्ध्या तासानं उघड्या वाटीत पाणी आणि घोंगडीत खडा जवळजवळ तसाच. त्यांनी दोनदा उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे घोंगडी ऊब देत न्हाई, असलेली जाऊ देत न्हाई." माझं वाक्य त्यांनी घेतलं, मला बोलायला काही उरलं नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते, आणि दारं लावून सगळे एका खोलीत बसले की ती लवकर पसरते. पण तुमच्या सासूबाईंचं 'नऊ' अगदीच हवेतलं नाही. शेजारी कोणी पाचट किंवा काड्या पेटवत असेल तर तो धूर सकाळी खालीच कोंडून राहतो, ऊन चढल्यावर उठतो. मुलाला दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि नऊच पाळा. नसेल तर कानटोपी, मोजे, स्वेटर घालून सातवर तडजोड करून बघा.

रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जा. पूर्वेला मृगाचा चौकोन, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. त्याच रेषेत खाली लखलखतो तो व्याध. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे आज दिसतो तो तुमच्या मुलाच्या जन्माच्या सुमारास निघालेला. हे त्याला नक्की सांगा, इथं गप्प बसू नका. मात्र गच्चीवरूनच. ऊसतोड सुरू झाली की बिबटे उघड्यावर येतात, बांधावर मुलांना घेऊन अंधारात बसायचं नाही.

प्रश्न : झोपायच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? धूर होत नाही.
– एक वाचक, अकोले

उत्तर : नाही. धूर दिसत नाही म्हणूनच धोका. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. झोपण्याआधी शेगडी अंगणात. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या.

प्रश्न : थंडीत दही लागतच नाही. विरजण वाढवलं तर आंबट पाणी होतं.
– एक वाचक, येवला

उत्तर : विरजण कमी नाही, ऊब कमी आहे. दूध बोटाला सोसेल इतकं गरम असताना नेहमीएवढंच विरजण घाला. मग भांडं गव्हाच्या कोठीत गळ्यापर्यंत पुरा किंवा गोधडीत गुंडाळून ठेवा, आणि सकाळपर्यंत हलवू नका. घरात दहा-बारा वर्षांचं कोणी असेल तर तीन वाट्या लावायला सांगा : एक ओट्यावर, एक गोधडीत, एक गव्हात. आमच्याकडे गव्हातली जिंकते. ओट्यावरच्या वाटीचं शेवटी ताकच करावं लागतं, आणि ते प्यायला कोणी तयार नसतं.