कोकणात राहून फुल मॅरेथॉनची तयारी होते का, की पुण्याला जाऊन राहावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ राहता, दहा किलोमीटर आरामात धावता आणि जानेवारीत मुंबईची फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन, करायची आहे. पण घामाने जीव जातो, घड्याळातला वेग सुधारत नाही, सपाट रस्ता मिळत नाही, म्हणून शेवटचे दोन महिने पुण्यात खोली घ्यायचा विचार आहे. शिवाय आठवड्याला किती किलोमीटर धावावं, हेही विचारलंय.

नका जाऊ. कोकणात राहून फुल होते, आणि चांगली होते. मी रत्नागिरीची. नोकरी आणि घर सांभाळून धावते. पुण्याला जाण्याचा सल्ला मलाही मिळालाय, तोही भरल्या घरात, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमचे मोठे भावोजी पुण्याला असतात. बरीच वर्षं धावतात, मुंबईची फुल त्यांनी माझ्या आधी केलेली. मी नाव नोंदवलं त्या वर्षी ते गणपतीला आले ते छापील वेळापत्रक घेऊनच. कोणत्या दिवशी किती आणि कोणत्या वेगाने, सगळं मिनिट-सेकंदांत मांडलेलं. माणूस मनाने चांगला, ते कष्ट माझ्यासाठीच घेतलेले, हे मी आजही मानते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं आरे-वारेच्या रस्त्याला धावायला गेलो.

तो रस्ता समुद्राला लागून जातो आणि मग कड्यावर चढतो. पाऊस थांबलेला, वारा पडलेला, वर मळभ. भावोजींच्या दोन्ही कोपरांवरून घामाची धार डांबरावर पडत होती. वेळापत्रकात किलोमीटरला ६ मिनिटं ३० सेकंद लिहिलेली. तो वेग धरायला गेले तर त्यांच्या घड्याळात हृदयाचे ठोके १७० च्या वर. पुण्यात याच वेगाला ते १५० च्या आत असायचे म्हणे. चढाच्या निम्म्यावर ते थांबले, गुडघ्यांवर हात टेकून घड्याळाकडे बघत राहिले. मी माझ्या चालीने वर गेले, समुद्राकडे एकदा बघितलं आणि परत खाली आले.

घरी चहा होतोय तोवर त्यांनी निकाल दिला. "या हवेत धावणं म्हणजे नुसती झीज आहे. याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. शेवटचे दोन महिने पुण्याला ये, उंचीचाही फायदा मिळेल. नाहीतर फुल विसर." सासूबाई, जाऊबाई, मुलं, सगळे ऐकत होते. आमच्या मिस्टरांनीही मान डोलावली, ते मला जास्त लागलं. मी तेव्हा एवढंच म्हटलं, "भावोजी, मी इथेच धावेन." बाकीचं आता लिहिते.

घाम अंगावर सुकला तरच अंग थंड होतं. आपल्याकडे हवेतच एवढा ओलावा असतो की घाम सुकत नाही, नुसता गळतो. मग अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, घामावाटे रक्तातलं पाणीही कमी होतं, आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. म्हणजे भावोजींचं घड्याळ खरं तेच सांगत होतं, की त्या सकाळी त्या हवेत तो वेग त्यांना झेपणारा नव्हता. त्यांनी दोष हवेला दिला. मी तो वेळापत्रकाला देते. हवा न बघता लिहिलेला वेग हा वेगच नव्हे.

आणि झीज कसली? अशा हवेत रोज थोडं थोडं धावलं की दहा-चौदा दिवसांत शरीर बदलायला लागतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. थंड गावात राहणाऱ्यांना हे मुद्दाम करावं लागतं, आपल्याला दारात मिळतं. उंचीचं म्हणाल, तर पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. उंचीचा सराव म्हणून धावपटू जिथे जातात ते केनियातलं इतेन २,४०० मीटरच्या आसपास आहे. ५६० मीटरवर रक्तात काही फरक पडत नाही.

तेव्हा घड्याळ लावा, पण धावताना बघू नका. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या मापाने धावलात तर किलोमीटरमागे मिनिटभर हळू पडाल. पडू दे. मार्गशीर्षात सकाळी गारवा आला की तेच पाय त्याच श्वासावर वेगाने पडायला लागतात.

सपाट रस्ता नाही ही तक्रार तर मला कळतच नाही. मी धावले तेव्हा मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ ३५ किलोमीटरच्या पुढे यायचा. अंगातली साखर तोवर संपत आलेली असते, ऊन वर आलेलं असतं. माझ्या आजूबाजूची चांगली दणकट माणसं तिथे चालायला लागली होती. मी छोटी पावलं टाकत, मान खाली घालून धावत वर गेले. आमच्याकडे खाडीवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जायला जे चढ आहेत, त्यांपुढे तो चढ काहीच नाही. भावोजी त्या दिवशी मुंबईत होते. घरी सगळ्यांना त्यांनी सांगितलं की यंदा थंडी चांगली होती, म्हणून जमलं. थंडी सगळ्यांनाच होती, चालणाऱ्यांनाही.

चढाइतकाच उतार महत्त्वाचा. उतरताना मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना मार बसतो, दोन दिवस जिना उतरवत नाही, पण हळूहळू ते तो मार सोसायला शिकतात. पहिल्याच महिन्यात मात्र उतारावर जोरात सुटू नका, गुडघे धराल.

अगदी सपाटच हवं असेल तर ओहोटीची पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, आहे. गुहागरसारखी लांबलचक पुळण असताना तुम्ही ट्रॅक शोधताय! फक्त तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, त्या दिवशी पुळणीचं नाव नको. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओली वाळू टणक. त्या चार-पाच दिवसांत वेगाचा सराव करा. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या, दोन्ही बाजूंना सारखा ताण पडतो. मऊ कोरड्या वाळूत लांब धावू नका, टाचेची शीर दुखावते.

पावसाळ्यात डांबरी रस्ताच बरा. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, आणि कातळावर शेवाळ धरतं, तिथे पाय घसरला तर मोसम गेला. बुटांचे दोन जोड ठेवा, भिजलेल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. मांड्या आणि काखा काचतात, तिथे निघायच्या आधी खोबरेल लावा.

लांब धावेला बाटलीत पाणी, साखर आणि कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहू नका, रक्तातलं मीठ उतरलं तर माणूस बेशुद्ध पडतो. घरी आल्यावर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून.

किलोमीटरचं म्हणाल तर आठवड्यात चार दिवस धावा, त्यातला एक दिवस लांब, तो वाढवत डिसेंबरअखेर ३० ते ३२ पर्यंत न्या आणि शेवटचे दोन-तीन आठवडे कमी करत या. आठवड्याच्या बेरजेत मी पडत नाही. कोष्टकं खंडीभर मिळतील, पण तुमच्या अंगणातली हवा त्यात नसेल.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळं निरोगी माणसाचं झालं. छातीत दुखतं, चक्कर येते, रक्तदाब आहे, असं काही असेल तर आधी तपासणी. आणि धावताना घाम अचानक थांबला, अंगावर शहारे आले किंवा डोकं भणभणलं तर तिथेच थांबा, सावलीत बसा. दमट हवेची सवय होते म्हणून उष्माघात होत नाही असं नाही. पुण्याला नोकरीसाठी जाणार असाल, तर खुशाल जा, तिथेही माणसं उत्तम धावतात.

पहाटे अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय सड्यावर जाऊ नका. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप असतो, आणि तो मातीच्या रंगात दिसत नाही. हायवेवर डंपरच्या वेळेला धावू नका. बाईमाणूस असाल तर घरी रस्ता सांगून निघा. माझे मिस्टर अंधाराच्या दिवसांत स्कूटर घेऊन मागून येतात, आता न सांगता येतात.

पावसात शेताच्या पाण्यातून धावत असाल आणि पायाला चीर असेल, तर लेप्टोचं, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, लक्षात ठेवा. त्यात ताप येतो आणि पोटऱ्या भयंकर दुखतात. धावणारा माणूस पोटऱ्या दुखल्या की परवाच्या चढाने दुखतायत असं धरून चालतो आणि दोन दिवस अंगावर काढतो. ताप आणि पोटऱ्या एकत्र दुखल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि पाण्यातून धावलो होतो हे त्यांना आपणहून सांगा.