सुताराला विचारा : खुर्ची पालथी घाला, मग बोलू

प्रश्न : माझी मावशी आणि काका दोघंही डिझायनर. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) शिकले, पुढं पुण्यात चाळीस वर्षं काम केलं. मूलबाळ नाही. मावशी गेली आणि त्यांनी जमवलेलं फर्निचर निपाणीला आमच्याकडं आलं. त्यात कंपाससारख्या पायांच्या दोन सागवानी वेताच्या खुर्च्या आहेत, आणि वाकवलेल्या लाकडाची, काळ्या चामड्याच्या गाद्यांची एक मोठी आरामखुर्ची, पाय ठेवायच्या स्टुलासकट. वेत एकीचा फाटलाय, दुसरीचा लोंबतोय, पायही डुगडुगतात. मिस्टर म्हणतात खिळे मारून, घासून, चकचकीत मेलामाईन पॉलिश करू. भाचा म्हणतो हात लावू नका, लाखांचा माल आहे. कुणाचं ऐकू? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ताई, पॉलिशवाल्याला दसऱ्यानंतर ये म्हणून सांगा. दसरा झाला की दिवाळीनंतर ये म्हणा. भाच्याचं निम्मं खरं आहे, पण हात न लावता खुर्ची डुगडुगतच राहणार की!

आधी सागवानी खुर्ची पालथी घाला. मागच्या पायावर, सीटच्या आडव्या पट्टीवर, कुठं रंगानं काढलेली अक्षरं किंवा आकडे दिसतात का ते दिवसाउजेडी बघा. हे एवढ्या कळकळीनं का सांगतोय? वीस-बावीस वर्षांमागं आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबांनी अशीच एक खुर्ची माझ्या शहापूरच्या दुकानात टाकली होती. चंदीगडला असताना सरकारी लिलावात भंगारच्या भावात उचललेली. मागं पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर होता. मला वाटलं, घाण आहे. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि दहा मिनिटांत साफ केला. वर साहेबांना म्हटलं, बघा, नवी झाली!

चंदीगड शहर वसवताना, त्याचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथं राहिला आणि तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, घरं यांच्यासाठी साग आणि वेताचं फर्निचर त्यानं करून घेतलं. पुढं ते मोडकळीला आलं म्हणून लिलावात गेलं आणि परदेशात मोठमोठ्या किमतींना विकलं जाऊ लागलं, तेव्हा सरकार जागं झालं. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं हा वारसा जपा, विकू नका, असं कळवलं. खुर्ची कुठल्या कचेरीत होती हे सांगणारा तो नंबरच असतो. मी तोच पुसला. साहेब आता नाहीत, माझ्या पोटात मात्र ते अजून सलतंय. नंबर नसला तर खुर्ची नकली, असंही नाही. आणि नंबर आहे म्हणून अस्सल, असंही नाही, कारण नंबर रंगवणारेही आता निपजलेत. काकांच्या कपाटात जुनी बिलं, घरातले फोटो शोधा. मागं खुर्ची दिसणारा एखादा लग्नाचा फोटोही चालेल.

डुगडुग म्हणजे कुसू, लाकडाचं खाचेत बसणारं टोक, सैल झालंय. खिळा मारला की कुसू फाटतं, मग देवही जोडू शकत नाही. जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, असेल तर गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ होतो, सांधा अलगद सुटतो, साफ करून पुन्हा चिकटवायचा. फडक्यानं हललाच नाही तर ओढाताण करू नका, नंतर कुणीतरी फेव्हिकॉल भरलेला असतो.

पॉलिश ओळखायला सीटखाली, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यानं थेंबभर स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं. ते खरवडायचं नसतं, त्याच्यावरच हलका हात फिरवता येतो. आमच्याकडं एक कन्नड बोलणारे म्हातारे बडिगेर, म्हणजे सुतार, होते, कुठलंही जुनं काम आलं की आधी म्हणायचे, 'हंग इर्ली', तसंच राहू दे. तेव्हा आम्ही हसायचो.

लोंबणाऱ्या वेताला खालच्या अंगानं ओलं फडकं लावा, सावलीत वाळू द्या, बऱ्यापैकी ताणून बसतो. फाटलेला मात्र नव्यानं विणावा लागेल. चौकटीला ओळीनं भोकं असतील तर तो हातानं विणलेला वेत आहे : उभा, आडवा, मग तिरका. भोकं नसून नुसती खाच असेल तर तयार जाळीची पट्टी ठोकलेली. प्लास्टिकची वायर घालू नका, तेवढं माझं ऐका. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत विणायला काढूच नका. आपल्याकडच्या पावसात ओला वेत वाळत नाही, बुरशी धरतो.

आता आरामखुर्ची. वर्णनावरून ती चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोच्या १९५६ सालच्या खुर्चीसारखी वाटते. महायुद्धात त्यांनी अमेरिकन नौदलासाठी प्लायवूड वाकवून मोडलेल्या पायांना बांधायच्या खपाट्या केल्या, ती विद्या पुढं खुर्चीत आली. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते इथं आले, अहवाल लिहिला, त्यात आपल्या तांब्याचं, लोट्याचं भरभरून कौतुक केलं. त्यातूनच १९६१ साली एनआयडी उभी राहिली. तुमच्या मावशी-काकांनी ही खुर्ची का घेतली असेल, ते तुम्हाला कळलंच असेल.

अस्सल खुर्चीत स्टुलाला चार पाय, खुर्चीला पाच. ती गोल फिरते, मागं रेलत नाही. पाठीमागून लाकडात एकही स्क्रू दिसत नाही, कारण आत रबराचे तुकडे चिकटवलेले असतात. हेच रबर वयानं कडक होऊन सुटतं. पाठ हलत असेल तर कुणालाही बसू देऊ नका, आणि बाहेरून स्क्रू मारू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. स्क्रू मारला की किंमत तिथंच संपली. हे काम माझंही नाही, मुंबई-बेंगळुरात असले सांधे बसवणारे आहेत.

सागवानी दोन्ही घेऊन या. टेम्पोत आडव्या घाला, दोरी पायांना बांधा, सीटवरून आवळू नका. नाहीतर लोंबणारा वेतही बेळगावला फाटूनच पोचायचा.