अशा मुलांत मिसळून तो आणखी बिघडेल का?

"मॅडम, तुम्ही सांगता त्या उपक्रमात सगळी तसलीच मुलं असणार. आमचा एकदाच चुकला आहे. तिथे गेला तर पक्का होऊन येईल." चोरी-मारामारीसारख्या गोष्टीत सापडलेल्या मुलाला एखाद्या सामुदायिक उपक्रमात पाठवा असे पालकांना सुचवले की हे वाक्य मला थोड्याफार फरकाने ऐकावे लागते. ज्या आईने ते मला सर्वांत कळवळून ऐकवले, तिच्या मुलाची ही हकिगत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा १५ वर्षांचा होता. वयाने मोठ्या असलेल्या दोन मित्रांनी उभ्या दुचाक्यांच्या बॅटऱ्या काढल्या, तेव्हा हा कोपऱ्यावर लक्ष ठेवत उभा होता. तिघेही सापडले आणि याला पोलिसांनी समज देऊन घरी पाठवले. पहिल्या भेटीत मी त्याला "असे का केलेस?" असे विचारले आणि तो "माहीत नाही" एवढेच म्हणाला. पालकांना या उत्तरात उर्मटपणा दिसतो, पण बहुतेक वेळा ते खरे असते. मित्रांनी बोलावले, आपल्यावर काहीतरी सोपवले, याचेच त्याला अप्रूप वाटले होते. शाळा सुटल्यापासून आई-वडील कामावरून परत येईपर्यंतचे तीन-चार तास त्याला दुसरे कोणी बोलावतही नव्हते.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदा तुरुंग दाखवून आणतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल." हा उपाय करून पाहिला गेला आहे, हे मी त्यांना सांगितले. अमेरिकेत न्यू जर्सीतील रॉवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी किशोरवयीन मुलांना समोर बसवून तुरुंगातील आयुष्याचे भीषण वर्णन ऐकवत असत. कार्यक्रमाचा बोलबाला खूप झाला. परंतु गुन्हेगारीचे अभ्यासक जेम्स फिंकेनॉवर यांनी तेथे जाऊन आलेल्या मुलांची तुलना न गेलेल्या मुलांशी केली, तेव्हा जाऊन आलेल्यांच्याच हातून पुढे अधिक गुन्हे घडल्याचे आढळले. अशा प्रकारच्या नऊ प्रयोगांचा पुढे एकत्रित अभ्यास झाला आणि त्याचाही निष्कर्ष हाच निघाला की, यापेक्षा काहीच न करणे बरे. भीती चार दिवसांत ओसरते, आणि 'मी तुरुंग पाहून आलोय' ही फुशारकी तेवढी मागे उरते.

आईची शंका मात्र मी खोडून काढली नाही, कारण तिच्यात तथ्य होते. अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात शेकडो मुलांना मार्गदर्शक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे असे सर्व काही देण्यात आले. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे ३० वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईटच निघाली; त्यातही जी मुले एकाहून अधिक वेळा शिबिराला गेली होती, त्यांचे नुकसान अधिक दिसले. असे का होत असावे याचा एक धागा मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशियन यांच्या निरीक्षणांतून मिळतो. मुलांच्या गप्पांचे चित्रण तपासताना त्यांना दिसले की, एकाने नियम मोडल्याचा किस्सा सांगितला की दुसरा हसतो, आणि ते हसणे हीच त्याला मिळालेली शाबासकी असते. ज्यांच्या गप्पांत अशी शाबासकी अधिक, ती मुले पुढे गुन्ह्यांकडे अधिक वळली.

म्हणून मी आईला म्हटले, "तुम्ही आधी स्वतः तिथे एक तास बसून या. मोठी माणसं किती आहेत, मुलांच्या हाताला काम आहे का, आणि एखादा फुशारकी मारायला लागला तर पुढे काय होतं, एवढंच बघा."

उपक्रम म्हणजे संध्याकाळी चालणारी सायकल-दुरुस्तीची कार्यशाळा होती. आई गेली त्या दिवशी ११ मुले-मुली होत्या आणि तीन मोठी माणसे. निम्म्याहून अधिक मुलांच्या नावावर कधी कसलीही तक्रार नव्हती, आणि तू इथे का आलास असे कोणी कोणाला विचारत नव्हते. एका मुलाने आपल्या मारामारीचा किस्सा सुरू केला, दोघांनी माना वर केल्या, तेवढ्यात सगळे ज्याला दादा म्हणतात त्या कार्यकर्त्याने त्याच्या हातात चाक दिले. "हे फिरव, आणि वाकडं नेमकं कुठे आहे ते मला सांग." मुलाने चाक डोळ्यांसमोर धरले, सावकाश फिरवले आणि वाकलेल्या आऱ्यावर बोट ठेवले. किस्सा तेथेच राहिला. आईने मला हे जसेच्या तसे सांगितले आणि त्याच आठवड्यात मुलाचे नाव घातले.

तिसऱ्या महिन्यात तो अचानक जायचा बंद झाला. जुने मित्र पुन्हा भेटू लागले होते, आणि घरी त्याच्या दप्तरात दुसऱ्याचा मोबाईल सापडला. आईने रात्री फोन केला, "मी म्हटलं नव्हतं का?" एवढेच ती बोलू शकली. मला या प्रसंगाविषयी ठामपणे सांगायचे आहे. पहिल्या घसरणीला नाव काढून टाकणारा उपक्रम, ज्याच्यासाठी तो उभा राहिला त्याच मुलाला बाहेर लोटत असतो. किशोरवयातील नियमबाह्य वर्तन बहुतेक मुलांत मोठे होताना आपोआप मागे पडते, आणि 'गुन्हेगार' असा शिक्का मारल्याने उलट ते पक्के होऊ शकते, हे बालगुन्हेगारी रोखण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांतही नमूद आहे. तेवढा काळ मुलाचा हात न सोडणारे कोणीतरी मात्र असावे लागते.

दादा तीनदा त्यांच्या घरी गेला. पहिल्या दोन वेळा मुलगा आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही, तेव्हा दादा त्याच्या वडिलांशी बोलत बसला. तिसऱ्या वेळी मुलगा बाहेर आला. मोबाईल परत करायला तो वडिलांबरोबर गेला. दाराशी बोलले ते वडीलच, पण मोबाईल त्याने स्वतःच्या हाताने दिला. त्यानंतर वडील आठवड्यातून एकदा कामावरून लवकर सुटून कार्यशाळेत जाऊ लागले. माझ्या मते सर्वांत मोठा फरक याच गोष्टीने पडला, कारण संध्याकाळच्या त्या रिकाम्या तासांत आता घरचेही एक माणूस आले होते.

पुढच्या वर्षभरात त्याच्याविषयी तक्रार आली नाही. शाळेत तो अजूनही मागे आहे आणि त्यासाठी आमचे काम चालू आहे. मागच्या भेटीत आईने निघता निघता विचारले की, शेजारच्या १३ वर्षांच्या मुलाला तिथे घेतील का. त्याने काही केलेले नाही, फक्त संध्याकाळी त्याच्या घरी कोणी नसते. घेतील, असे मी म्हटले. तिने लगेच विचारले, "मग आज त्याच्या आईलाही बरोबर घेऊन जाऊ का, तासभर बसायला?"